साइन, कोसाइन आणि मार्कंड्याचा रहाटपाळणा

चामोर्शीला आमच्या घरी पाहुणे मला बघायला येणार होते, तेव्हा मायनं माझ्याकडून उत्तरांची तयारी करून घेतली होती. भात करता येतो का, शिवण येतं का, गाणं येतं का. गाणं येत नव्हतं, म्हणून तिथे "भजन येतं" असं सांगायचं ठरलं. भजनही येत नव्हतं. पण पाहुणे लोक भजन लगेच म्हणायला लावत नाहीत, असा मायचा अंदाज होता.

यातला एकही प्रश्न आला नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, आमचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. मी नागपूरला मामाकडे राहून इंटर सायन्स करत होते. गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी, पण यात माझं कर्तृत्व थोडं आणि बाबांचा हट्ट जास्त. बाबांची धानाची शेती होती. स्वतः चौथी शिकलेले. शिक्षणाबद्दल त्यांना फार आदर होता, आणि त्यात नेमकं काय असतं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. "आमची पोरगी नागपूरले साइन शिकून राह्यली," असं ते आठवडी बाजारात अभिमानानं सांगायचे. सायन्समधला शेवटचा 'स' त्यांना कधी लागला नाही.

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी मामा म्हणाला, मार्कंड्याच्या जत्रेला बाबांनी बोलावलंय. परीक्षा जवळ आली होती, म्हणून मी फिजिक्सचं पुस्तक पिशवीत टाकून निघाले. चामोर्शीला मोटारीतून उतरले तर बाबा स्वतः घ्यायला आलेले, आणि अंगावर परीटघडीचं धोतर. साध्या दिवशी बाबा परीटघडीचं धोतर नेसत नसत. काय ते मी ओळखलं.

"कोण येऊन राह्यलं बाबा?"

"कोणी नाई. गडचिरोलीचे गुरुजी जत्रेले चालले, तं वाटेत थांबतीन म्हणाले."

हे गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. जन्मभर गणित शिकवलेले. त्यांचा मुलगा बी.एस्सी. होऊन मूल गावच्या हायस्कुलात मास्तर होता. मुलगा कसा आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. वडील कसे आहेत ते मात्र साऱ्या तालुक्याला माहीत होतं. जे त्यांच्या हाताखाली गणित शिकले ते म्हातारे झाले तरी त्यांना रस्त्यात बघून बाजू बदलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिघं आले. हेडमास्तर, त्यांच्या पत्नी आणि मुलगा. आमच्या घरी बैठकीत बंगई होती, चार साखळ्यांनी आढ्याला टांगलेली लाकडी फळी. हेडमास्तर कोणी सांगायच्या आत तिच्यावर बसले आणि पायानं हळूहळू झोके घेऊ लागले. मुलगा भिंतीशी सतरंजीवर बसला. उंच, सडपातळ, आणि आपण इथे का आलो हे आठवून बघत असल्यासारखा चेहरा.

मी पोहे घेऊन गेले. वरून खोबरं, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं मायनं मोजून मापून घातलेलं.

"काय शिकतेस?" हेडमास्तरांनी विचारलं.

"इंटर सायन्स."

त्यांचा झोका जरा सावकाश झाला. "फिजिक्स आहे? सिंपल हार्मोनिक मोशन झालं?"

माय दाराआडून बघत होती. हा प्रश्न तिच्या यादीत नव्हता.

"झालं."

"समीकरण लिहून दाखव."

माझ्या धाकट्या बहिणीची पाटी आणली गेली. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यात अवघड काही नाही. झोका एकदा हलला की मधल्या जागेवरून एका टोकाला जातो, परत मधे येतो, दुसऱ्या टोकाला जातो, आणि हेच चालू राहतं. कोणत्या क्षणी तो मधल्या जागेपासून किती दूर असेल हे ज्या सूत्रानं काढतात, ते त्यांना हवं होतं. मी लिहिलं, एक्स बरोबर ए कॉस ओमेगा टी. नागपूरला आमच्या सरांनी असंच शिकवलं होतं.

हेडमास्तरांनी पाटी घेतली, चष्म्यातून पाहिली, चष्म्यावरून पाहिली.

"चूक. साइन हवं."

दाराशी उभे असलेले बाबा म्हणाले, "हो गुरुजी, साइनच तं शिकून राह्यली ते."

"साइन नाही लिहिलं तिनं. कोसाइन लिहिलं."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नागपूरला भलत्याच कॉलेजात जात होते.

इथे मी मान खाली घालून गप्प बसायचं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "कोसाइनही बरोबर आहे."

"गती शून्यापासून मोजायची असते. वेळ शून्य, अंतर शून्य. म्हणजे सुरुवात मधल्या जागेवरून. म्हणजे साइन. मी जन्मभर हेच शिकवलं."

"आमच्या सरांनी लंबकाचा गोळा एका बाजूला ओढून सोडला होता. सुरुवात टोकापासून झाली. म्हणून कोसाइन."

"ओढून का सोडायचा?"

"मग हलणार कसा? तुम्ही आत्ता बंगईवर बसलात तेव्हा पाय रोवून ती मागे नेली आणि मग सोडली."

हेडमास्तरांनी पाय टेकवून बंगई थांबवली.

"मी पेंडुलम आहे का?" ते म्हणाले.

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

त्यांनी जरा विचार केला आणि आवाज खाली आणून, वर्गात समजावतात तसं म्हणाले, "बघ पोरी. साइनच्या कोनात नव्वद अंश मिळवले की तुझा कोसाइन तयार होतो. म्हणजे मूळ कोण? साइन."

"कोसाइनच्या कोनातून नव्वद अंश वजा केले की तुमचा साइन तयार होतो," मी म्हणाले. "म्हणजे मूळ कोसाइन."

हेडमास्तर मुलाकडे वळले. "तू बी.एस्सी. आहेस. सांग हिला."

मुलानं पोह्यांची ताटली खाली ठेवली. तो पहिल्यांदाच बोलत होता. "घड्याळ केव्हा लावलं त्यावर आहे. बंगई टोकाला असताना लावलं तर कोसाइन. मधून जाताना लावलं तर साइन. बंगई तीच."

"आणि दोन्हींच्या अधेमधे कुठे लावलं तर?"

"तर तेवढा कोन मिळवावा लागतो. फेज."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग तू साइनच्या बाजूचा."

मुलानं बापाकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग दाराआड दिसणाऱ्या मायच्या पदराकडे. "पोहे फार छान झालेत," तो म्हणाला आणि ताटली पुन्हा उचलली.

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. पाहुणे जेवले, पान खाल्लं, आणि "कळवतो" म्हणून बैलांच्या दमणीत बसून मार्कंड्याकडे निघून गेले. "कळवतो" या शब्दाचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना माहीत होता.

मायनं रागानं भांडी घासायला घेतली. "तेवढं साइन लिहून देल्लं असतं तं तुझं काय गेलं असतं?"

"माय, पण दोन्ही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर होतं, तं त्यायचंच लिहायचं होतं."

मी तिच्या शेजारी बसून भांडी विसळायला घेतली.

बाबा रागावले नाहीत. संध्याकाळी धानाच्या कोठीपाशी बसून त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मला हाक मारली. "बाई, हे साइन आनं कोसाइन, एकाच खानदानातले का?"

"एकाच. सख्खे भाऊच समजा. एक दुसऱ्याच्या पाव चक्कर पुढे असतो, एवढाच फरक."

"मंग भांडण कायचं?"

"भांडण त्यांचं नाही बाबा. आमचं आहे."

ते हसले. पण नंतर जेवताना दोन घास कमीच खाल्ले त्यांनी, ते मी पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. आपण जिंकलो असं सकाळी जे वाटत होतं ते तोपर्यंत पार निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. आम्ही पहाटेच दमणी जुंपून मार्कंड्याला गेलो. वैनगंगेत अंघोळ केली, रांगेत उभं राहून दर्शन घेतलं. पाहुणे इथेच कुठेतरी असणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून माय आम्हाला जत्रेतून आडवाटेनं नेत होती. बांगड्यांच्या दुकानामागून, रताळीवाल्यांच्या मागून, मडक्यांच्या ढिगाला वळसा घालून. आणि त्या वळशाच्या शेवटी आम्ही नेमके त्यांच्यासमोर येऊन उभे राहिलो.

वाळूत एक रहाटपाळणा उभा केला होता. लाकडाचा, चार पाळण्यांचा, दोन गड्यांनी हातानं फिरवायचा. हेडमास्तर त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे होते आणि मान खाली-वर करून एका पाळण्याकडे बघत होते. पत्नी आणि मुलगा जरा मागे, थकल्यासारखे. ते बराच वेळ तिथे उभे असावेत.

त्यांनी मला पाहिलं. माय पदर सावरत मागे सरकली.

"इकडे ये," ते म्हणाले. "शेजारच्या दोन पाळण्यांत कोन किती?"

मी पाळणे पाहिले. "नव्वद."

"पाळण्याची उंची मधल्या आसापासून मोजली तर ती कशी बदलते?"

मी बघत राहिले. पाळणा वर्तुळात फिरत होता, पण नुसती उंची बघितली तर ती वर जात होती, खाली येत होती, परत वर. टोकांजवळ सावकाश, मधे वेगात. अगदी झोक्यासारखी. पुस्तकात वर्तुळ आणि झोका एकमेकांच्या शेजारी काढलेले असतात, आणि ते का, हे मला त्या क्षणापर्यंत नीट कळलेलं नव्हतं.

"बंगईसारखीच," मी म्हणाले.

"बस मग."

हेडमास्तर आणि बाबा एका पाळण्यात बसले. गड्यांनी पाव चक्कर फिरवून पुढचा पाळणा खाली आणला, त्यात मी आणि माय. मायला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. उरलेल्या दोन पाळण्यांत जंगलातल्या गावाहून आलेलं एक कुटुंब होतं, दोन बाया आणि पोरं. त्या आपसात गोंडीत बोलत होत्या आणि हेडमास्तरांकडे बघून हसत होत्या. हेडमास्तरांच्या पत्नींनी येत नाही म्हणून साफ सांगितलं. मुलगा म्हणाला, "मी खालून निरीक्षण करतो." त्याला चक्कर येते हे मला लग्नानंतर कळलं.

पाळणा फिरू लागला. हेडमास्तर माझ्या पाव चक्कर पुढे होते. ते अगदी वर पोचले की मी आसाच्या पातळीवर, वर चढत असायची. माझ्याशेजारी माय डोळे मिटून, दांडी धरून मार्कंड्याचं नाव घेत होती.

"घड्याळ आहे ना?" वरून हेडमास्तरांनी मुलाला विचारलं.

"आहे."

"लाव."

मुलानं मनगट वर केलं. आणि मग वर पाहून, त्या सगळ्या गर्दीत, मोठ्यानं म्हणाला, "लावलं. बाबा, आत्ता तुम्ही टोकाला होता. म्हणजे तुम्ही कोसाइन झालात. आणि त्या मधून वर येत होत्या. त्या साइन."

मी खाली पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता आणि हसू दाबत होता. वडिलांसमोर असं बोलायला त्याला किती धीर लागला असेल, ते मला नंतर त्या घरात राहिल्यावर समजलं. पण थोडं तेव्हाही समजलं.

"चूक," हेडमास्तर ओरडले. "परत लाव. मी मधून वर जाईन तेव्हा लाव. थांब, थांब, आत्ता नाही."

मुलगा थांबला. पुढच्या फेरीला त्यानं घड्याळ लावलं. "आता तुम्ही साइन. पण त्या अगदी तळाला आहेत. म्हणजे वजा कोसाइन."

मायनं डोळे उघडले. "काय वजा झालं?"

"काही नाही माय. मी खाली आहे एवढंच."

"मले बी खालीच राहू द्या," माय म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

"थांब," हेडमास्तर पुन्हा ओरडले. "अजून एकदा. थांब म्हणतो ना."

या वेळी गड्यांनी ऐकलं. त्यांना वाटलं, म्हातारा घाबरला. त्यांनी पाळणा थांबवला. हेडमास्तर आणि बाबा नेमके सगळ्यात वर. खाली आलेल्या पाळण्यातून बाई उतरली, पण तिच्या पोरांना उतरायचं नव्हतं. ती त्यांना समजावत होती, पोरं दांडीला चिकटून बसली होती, आणि गडी हसत उभे होते.

मी आसाच्या पातळीवर लोंबकळत होते. वर दोघांचे नुसते पाय दिसत होते, हेडमास्तरांचे जोड्यातले आणि बाबांचे अनवाणी. ते काहीतरी बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते. पोरं शेवटी बत्ताशाच्या बोलीवर उतरली आणि आम्ही एकेक करून खाली आलो.

बाबा उतरले ते वेगळ्याच चेहऱ्यानं. वर काय बोलणं झालं ते त्यांनी दमणीत बसल्यावर सांगितलं.

त्यांनी विचारलं होतं, "गुरुजी, माह्या पोरीचा राग आला का तुमाले?"

हेडमास्तर नदीकडे बघत म्हणाले होते, "शाळेत माझ्याशी कधी कोणी वाद घातला नाही. घरी तर नाहीच. निवृत्त झाल्यापासून मला कोणी एक गणितसुद्धा विचारलेलं नाही. काल रात्री मला झोप लागली नाही, इतकं बरं वाटत होतं." मग म्हणाले होते, "मुलगी द्या आम्हाला. परीक्षा झाल्यावर लग्न करू."

"आनं पुढचं शिक्षण?" हे बाबांनी विचारलं होतं. त्यांच्या त्या प्रश्नाचं मला आजही अप्रूप वाटतं. मुलीचं लग्न मोडता मोडता जुळत होतं, आणि हा माणूस आभाळात लोंबकळत अट घालत होता.

"बी.एस्सी. करू द्या तिला. अर्धवट सोडलं तर ती जन्मभर कोसाइनच म्हणत बसेल."

दमणी धुरळ्यातून चामोर्शीकडे चालली होती. बाबांनी मागे वळून विचारलं, "तुले पसंत आहे का बाई?"

"तो माझ्याशी तर काही बोललाच नाही."

"पोहे छान झाले म्हणला नं," माय म्हणाली. तिचं मत कालच पक्कं झालं होतं.

मी म्हटलं, "आहे पसंत." आणि तोंड बाहेर वळवून धानाच्या रिकाम्या बांध्या बघत बसले, कारण मला हसू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

परीक्षा झाली, वैशाखात लग्न झालं. उन्हानं वऱ्हाड भाजून निघालं. निकाल लागला तेव्हा मी सासरी, गडचिरोलीला होते. मामांनी (सासऱ्यांना मी मामाच म्हणायची) वर्तमानपत्रात माझा नंबर शोधला आणि आळीभर पेढे वाटले. प्रत्येक घरी ते सांगत होते, "सून पास झाली. शिकवणारे यथातथाच होते, तरी झाली."

पावसाळ्याच्या तोंडाशी मी बी.एस्सी.साठी नागपूरला निघाले. आमचे हे मूलला शाळेवर, मी नागपूरला, आणि सासूसासरे गडचिरोलीला. लोक कुजबुजायचे की लग्न झालं की नाही या पोरांचं. मोटारीवर मला पोचवायला सगळे आले होते. मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. उघडलं तर त्यांचं जुनं लॉग टेबलांचं पुस्तक, कडा झिजलेलं, मागे दोऱ्यानं शिवलेलं.

"जपून वापर. साइनची पानं त्यातून निघून गेलीत. वापरून वापरून फाटली."

मी चाळून बघितलं. खरंच नव्हती. कोसाइनची पानं मात्र कोरी करकरीत होती.

"मग साइन कसा काढू मामा?"

"नव्वदातून वजा करून कोसाइन बघ," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "येतो तसाही."

आमचे हे मोटारीच्या टपाकडे बघत उभे राहिले. सासूबाईंना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी मुरमुऱ्याच्या लाडवांचा डबा खिडकीतून आत दिला, झाकण घट्ट आहे का ते दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "मुंग्या लागायच्या आत खाऊन टाक. आणि नागपूरच्या मामीलाही दे, सगळे एकटीच नको खाऊ."

मोटार निघाली. चौक मागे पडेपर्यंतच माझा पहिला लाडू संपला होता.